कौतुक अंगणात, चूक कानात

नवरा गेला तेव्हा त्याचं दुकान तिच्याकडे आलं, त्याची आई तिच्याकडे राहिली आणि त्याचा फोन तिच्या हातात पडला. दुकानातलं वेल्डिंगचं मशीन थंड होऊन बसलं होतं. सासूचा शब्द आटला होता. बोलत होता तो फक्त फोन. दिवसातून तीस-चाळीस वेळा टिंग करायचा आणि गप्प व्हायचा, जसं कोणी दार वाजवून पायरीवर वाट बघत बसावं.

महिन्याभराने तिने दार उघडलं. आत एक ग्रुप होता, साठेक वेल्डरांचा. कोणी गोदीत कामाला, कोणी बॉयलरच्या कारखान्यात, बाकीचे तिच्या नवऱ्यासारखे गल्लीच्या तोंडाशी शटर उघडून बसणारे. एकमेकांना न पाहिलेले. सगळ्यांनी आपापल्या जोडांचे फोटो टाकायचे, दुसऱ्यांनी बघायचे. खाली कोणीतरी तिच्या नवऱ्याला विचारलं होतं, "काय रे डावऱ्या, कुठे दडी मारलीस? सासुरवाडीला जाऊन घरजावई झालास की काय?"

तिने लिहिलं, "ते गेले. मी त्यांची बायको. मशीन आहे, रॉड आहेत. मला कोणी शिकवेल का?"

मग एक उत्तर आलं. "रडून झालं असेल तर हातमोजे घाल. झालं नसेल तर आधी रडून घे. भरल्या डोळ्यांना फट दिसत नाही, पोरी."

ते काका. सगळा ग्रुप त्यांना काकाच म्हणे. चाळीस वर्षं हातात होल्डर धरलेला माणूस. त्यांनी तिला फोटोंवरून शिकवलं. ती जोड मारायची, फोटो टाकायची, अन् काका वेगळा मेसेज पाठवून सांगायचे, कुठे घाई झाली, कुठे हात थांबला, कुठे भोक पडता पडता वाचलं. कधीकधी यमकात सांगायचे, कारण यमकातलं विसरायला होत नाही म्हणे:

*हात धिमा, श्वास थोडा, नजर फटीवर,*
*आधी लोखंड तापव बाई, मग माया कर.*

सहा महिन्यांत तिने पहिलं फाटक बसवलं. वर्षाने वस्ती तिला वेल्डरीण म्हणू लागली. सासूलाही हळूहळू कंठ फुटला, आणि तो फुटला तो टोमण्यांसाठीच. "तुझ्या त्या फोनमधल्या साठ दिरांना विचार," ती म्हणायची, "पोळपाटाचा पाय तुटलाय, तो कोण जोडणार?"

ग्रुपला एक नियम होता. तो हेडमास्तरांनी घातलेला. हेडमास्तर म्हणजे कामगारांच्या शाळेत वेल्डिंग शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. ग्रुप त्यांनीच सुरू केला होता. पहिल्या वर्षी एका नवख्याच्या फोटोवर दहा-बारा जण तुटून पडले होते. कोणी लिहिलं, शेणाचा पो टाकलायस का. कोणी लिहिलं, हा जोड आहे की मुंग्यांचं वारूळ. त्या नवख्याने मशीन विकून टाकलं आणि पुन्हा तो कोणाला दिसला नाही. तेव्हापासून हेडमास्तरांनी लिहून ठेवलं: कौतुक अंगणात, चूक कानात. चांगलं असेल ते सगळ्यांसमोर म्हणा. वाईट दिसेल ते त्या माणसाला एकट्याला कळवा. आणि कानात कोण काय बोललं हे कोणी कोणाला विचारायचं नाही.

नियम चांगला होता. त्या नियमाने तिला घडवलं होतं. अंगणात तिला साठ जणांनी वाहवा केली, आणि कानात काकांनी तिचे शंभर जोड कापायला लावले. कोणाची मान खाली गेली नाही, कोणाचा हातही कच्चा राहिला नाही. असं घर तिला रक्ताच्या नात्यांतही सापडलं नव्हतं.

---

तो फोटो चौथ्या वर्षी एका मंगळवारी दुपारी आला. ती दुकानातच बसून जेवत होती.

काकांनी स्वतःच्या घराच्या गच्चीला नवा कठडा केला होता. चौकोनी पाइपचे सात खांब, प्रत्येकाखाली तळपट्टी, पट्टी बोल्टने स्लॅबला आवळलेली. लोखंड अजून कोरं, रंग न दिलेलं. खांबांच्या पायांचे जवळून काढलेले फोटो होते, आणि खाली लिहिलं होतं, "घरच्या सरकारचं काम. तीन वर्षं मागे लागली होती. बघा रे, जमलंय का."

पहिल्या तीन पायांवरून तिची नजर घरंगळत गेली. चौथ्यावर ती थांबली. बोटांनी फोटो मोठा केला. तोंडातला घास तसाच राहिला.

बाहेरच्या बाजूचा टाका, म्हणजे वितळलेल्या लोखंडाची शिवण, फटीवर नव्हताच. खांब आणि पट्टी जिथे भेटतात तिथून तो बोटभर बाजूला सरकून नुसत्या पट्टीवर बसला होता, गुबगुबीत, गोलमटोल, दिसायला देखणा. खांबाला तो कुठेही शिवला नव्हता. फट उघडी होती, काळी रेघ स्पष्ट दिसत होती. आतल्या बाजूचा टाकाही नुसता वरवर चिकटलेला. नवशिक्याचा हात असता तर ती हसली असती. हा हात काकांचा होता.

आणि असा सरकलेला टाका ती पहिल्यांदाच पाहत नव्हती. गेल्या वर्षभरात एक-दोनदा तिला वाटलं होतं, काकांचा टाका जरा भरकटतोय. तिने ते मनातच ठेवलं होतं.

खाली वाहवा सुरू झाली होती. गोदीवाला म्हणाला, "काका, काकूंना सांगा, आता गच्चीवर राज्य करा." बॉयलरवाला म्हणाला, "हात आहे की छापखाना!" हेडमास्तरांनी अंगठा दाखवला. एकतीस जणांनी फोटो बघून काही ना काही टाकलं.

तिने काकांचं नाव उघडलं. लिहिलं, "काका, चौथ्या खांबाचा बाहेरचा जोड". तिथे तिचं बोट अडलं.

कोण कोणाला सांगतंय? काल पाटी धरलेल्या पोरीने पंतोजींचा कान धरायचा? आणि जे तिला दिसलं ते हेडमास्तरांना दिसलं नसेल का? गोदीत रोज जहाजांचे जोड तपासणाऱ्याला दिसलं नसेल? आतापर्यंत काकांच्या कानात दहा मेसेज गेले असतील. एका चुकीपायी एकतीस जणांनी कान धरला तर कान उपटून हातात यायचा. म्हाताऱ्या माणसाची काही लाज ठेवावी.

तिने लिहिलेलं पुसलं. अंगणात जाऊन लिहिलं, "वाह काका." आणि घास गिळला.

---

बारा दिवसांनी हेडमास्तरांचा मेसेज आला. काकांच्या पत्नी गच्चीवरून पडल्या. ओली चादर झटकायला कठड्याला टेकल्या होत्या, कठडा सुटला. जागच्या जागीच गेल्या. कोणी फोन करून काकांना त्रास देऊ नये.

तिने ते वाचलं तेव्हा ती एका खिडकीची जाळी घासत होती. ग्राइंडर बंद केला तरी कानात तो घरघरत राहिला. ग्रुपमध्ये जोडलेले हात येऊ लागले, एकाखाली एक, एकाखाली एक, जशी भिंतीवर कोणी मेणबत्त्यांची रांग लावत जावी. तिने मोजले नाहीत. तिनेही दोन हात जोडून टाकले.

त्या दिवसापासून तिला जेवण जाईना. सासूने दोन दिवस बघितलं, तिसऱ्या दिवशी ताट पुढे सरकवून म्हणाली, "मेलेल्या माणसासाठी उपास केला म्हणून तो काही जेवायला येत नाही. कोण गेलंय?"

"ओळखीच्या एक."

"पाहिलेल्या?"

"नाही."

"मग तुझं काय दुखतंय?"

तिने सांगितलं. सगळं सांगितलं, लिहिलेलं पुसलं इथपर्यंत. सासू ऐकत राहिली. तिला सुनेची बाजू घ्यायची सवय नव्हती आणि तिने घेतलीही नाही.

"माझा मुलगा आजारी पडला तेव्हा," ती म्हणाली, "त्याचा रंग उतरलेला शेजारच्या सगळ्या बायकांना दिसत होता. तो गेल्यावर येऊन सांगितलं मला. आम्हाला केव्हाच दिसलं होतं म्हणे." आणि ताट तसंच ठेवून आत गेली.

पाच आठवड्यांनी काका ग्रुपमध्ये परतले. त्यांनी फोटो टाकला. तुटलेला चौथा पाय, रंग उडालेल्या फटीत गंजाची बारीक झाक आलेला, पट्टीवर तो गोलमटोल टाका जसाच्या तसा, अभंग. खाली लिहिलं होतं, "हे असं सुटलं. कोणी सांगाल का, माझं काय चुकलं?"

तिने हातमोजे काढून ठेवले.

"काका, नशिबापुढे कोणाचं चालतं?" गोदीवाला म्हणाला.

"आजकाल पाइपच हलके येतात. लोखंडात दम नाही."

"रॉड ओले असतील. तुमचा हात चुकणं शक्य नाही."

"मनाला लावून घेऊ नका. आम्ही सगळे तुमच्या पाठीशी आहोत."

वीस जणांनी असं लिहिलं. प्रत्येक शब्द मऊ, धुऊन वाळवलेला, कोणाला टोचणार नाही असा. पण तो माणूस हात पसरून एकच गोष्ट मागत होता आणि वीस जण त्याच्या पसरलेल्या हातावर फुलं ठेवून निघून जात होते. हे तिला बघवेना. कानात सांगायचा विचार तिच्या मनात आला, आणि तिथेच तो विटला. कानात काय गेलं आणि काय नाही हे कोणालाच कळत नाही. त्यानेच तर घात केला होता. खोटं अंगणात बोललं जात होतं, तर खरंही तिथेच बोलायला हवं होतं.

तिने लिहिलं, "काका, बाहेरचा टाका फटीवर बसलेला नव्हता. पट्टीवरच होता, खांबाला धरलाच नव्हता. आतला वरवर होता. पाइप चांगला होता, रॉडही चांगले होते. हे तुम्ही आधी टाकलेल्या फोटोतच दिसत होतं. मला दिसलं होतं. मी सांगितलं नाही."

मग गोदीवाल्याचं आलं, "बाई, माणूस दुःखात आहे. काही लाजलज्जा?"

"ज्याने शिकवलं त्यालाच चव्हाट्यावर आणलंस. छान गुरुदक्षिणा."

"डावऱ्या असता तर त्याने मान खाली घातली असती."

ते शेवटचं तिला बसलं. ती उत्तर लिहिणार, तेवढ्यात पडद्यावर ओळ उमटली: तुम्हाला या ग्रुपमधून काढण्यात आलं आहे. वर्षानुवर्षं टिंगटिंग करणारा फोन मुका झाला. टेबलावर तो पडून राहिला, नुसती काच आणि पत्रा.

संध्याकाळपर्यंत मात्र तो पुन्हा वाजू लागला. या वेळी एकेकट्याचे मेसेज होते, कानात आलेले. "बोललीस ते बरं केलंस. मलाही दिसलं होतं, पण म्हटलं कोणीतरी सांगितलंच असेल." बॉयलरवाल्याचा होता. "मीही पाहिलं होतं ग. सगळ्यांसमोर बोलायला जीभ उचलली नाही." अकरा आले. गोदीवाल्याचाही आला: "चिडलो, माफ कर. मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं."

शेवटचा हेडमास्तरांचा. "मुली, नियम मोडलास म्हणून काढावं लागलं. पण तुला सांगतो. मलाही दिसलं होतं. मी गप्प राहिलो, कारण मला वाटलं, तू त्यांची शिष्य. तुझ्याइतक्या मायेने कोणी सांगू शकणार नाही. तू सांगशील."

तिने ते दोनदा वाचलं. ती त्यांच्यावर विसंबली होती, ते तिच्यावर.

---

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर करताना काकांचा फोन आला. त्यांचा आवाज ती पहिल्यांदाच ऐकत होती. तिला वाटलं होतं तसा भरदार नव्हता तो. पातळ होता, कोरडा होता.

"तुला काढलं म्हणे."

"हो."

"मशीन चालू आहे का तुझं? घरघर येतेय."

"पंखा आहे, काका. बंद करते."

तिने पंखा बंद केला आणि स्टुलावर बसली. क्षमा मागायची म्हणून तिने रात्री वाक्यं जुळवून ठेवली होती, एकही आठवेना.

"मला मधलं दिसत नाही," काका म्हणाले. "दोन वर्षं झाली. कडेचं दिसतं सगळं. दार दिसतं, माणूस दिसतो. पण ज्याच्याकडे रोखून बघावं, नेमकं तेवढंच दिसत नाही. तिथे धूर. डॉक्टर म्हणाले, आता हे जाणार नाही, वाढेल."

"कोणाला सांगितलं नाहीत?"

"कोणाला सांगू? हिला सांगितलं असतं तर त्याच दिवशी होल्डर काढून घेतला असता. मग सकाळी उठायचं कशासाठी?" ते थांबले. "मी वेडा नव्हतो ग. मला ठाऊक होतं, माझ्या डोळ्यांवर भरवसा नाही. म्हणून तर प्रत्येक जोडाचा फोटो टाकायचो. रंग देण्याआधी. तुम्ही साठ जण. म्हटलं, एकशेवीस डोळे आहेत माझे."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"वाहवा मी मोजायचो नाही. वाहवा तर तुम्ही कोणाचीही करता. मी कानाची वाट बघायचो. दोन दिवस थांबायचो. कानात कोणी आलं नाही, म्हणजे जोड पास. मग रंग द्यायचा."

"काका..."

"ऐक. त्या मंगळवारी तुझं नाव वर आलं होतं. नावाखाली दिसतं ना, लिहीत आहे, लिहीत आहे. माझी अक्षरं मोठी करून ठेवलेली आहेत, तेवढं दिसतं कडेने. थोडा वेळ तसं दिसलं, मग गेलं. म्हटलं, पोरीला गिऱ्हाईक आलं असेल, नंतर लिहील. दोनाचे तीन दिवस थांबलो त्यासाठी. ही म्हणत होती, रंग कधी देणार, कपडे वाळत घालायचेत. चौथ्या दिवशी दिला."

दुकानासमोरून एक हातगाडी खडखडत गेली.

"मी लिहून पुसलं," ती म्हणाली. "मला वाटलं, इतरांनी सांगितलं असेल. तुमची लाज राखावी."

"हं."

त्या हुंकारात राग नव्हता. राग असता तर तिने तो पदरात घेतला असता.

"एक खरं सांग. तुला एकटीलाच दिसलं होतं का?"

तिच्या फोनमध्ये ते अकरा मेसेज होते, आणि बारावा हेडमास्तरांचा. हो म्हटलं असतं तर काकांकडे निदान तो ग्रुप राहिला असता. सकाळ-संध्याकाळ कोणी हाक मारणारं, कोणी जेवलात का विचारणारं. बायको गेलेल्या, डोळे चाललेल्या माणसाकडे आणखी होतं काय? एक ती वाईट ठरली असती, बाकीचे सगळे त्याचे राहिले असते. खोटं तिच्या जिभेवर येऊन बसलं, ऊबदार, मायाळू. त्या मंगळवारचा "वाह काका" असाच मायाळू होता.

"नाही," ती म्हणाली. "बारा जणांनी मला कळवलंय. हेडमास्तरांनाही दिसलं होतं. न कळवलेले किती, ते माहीत नाही."

पलीकडे काही तरी ठेवल्याचा आवाज आला. भांडं असेल, काठी असेल.

"म्हणजे फोटो तरी नीट आला होता," काका म्हणाले. ते हसले की काय, तिला कळलं नाही. तिला ते ऐकवेना, एवढं खरं.

मग त्यांचा आवाज बदलला. तिला शिकवताना असायचे तसे त्यांचे शब्द आले, मोजके, एकामागून एक.

"जुने फोटो तुझ्या फोनमध्ये आहेत का अजून? काढलं तरी राहतात ना?"

"राहतात."

"दोन वर्षांत साठ-सत्तर कामं केलीत मी. सगळ्यांना रंग दिलाय. आता वरून कोणालाच काही दिसायचं नाही. कोरे जोड फक्त त्या फोटोंत आहेत."

तिने फक्त एक गच्ची बघितली होती. आता तिला जिने दिसले, फाटकं दिसली, पाण्याच्या टाक्यांखालचे लोखंडी घोडे दिसले, आणि त्यांना रोज हात लावणारी, टेकणारी, लोंबकळणारी माणसं.

"वही घेतलीय मी," काका म्हणाले. "जाड पेनाने लिहितो. तू बघ आणि सांग. कुठलं काम ते मी ओळखेन. भाचा आहे, त्याला घेऊन एकेक कापून येतो."

तिने शटर अर्धं खाली ओढलं, म्हणजे उजेडात पडदा चमकणार नाही. बोटाने ग्रुप मागे सरकवत नेला. जोडलेले हात गेले, नशिबाच्या गोष्टी गेल्या. दोन वर्षांपूर्वीच्या एका सकाळी ती थांबली.

"लांब जिना. पायऱ्यांना जाळी. हा चांगला आहे, काका. चारी बाजूंनी धरलाय."

"नीट बघ."

तिने मोठा करून पुन्हा पाहिला. "चांगला आहे."

"पुढचा."

"फाटक. बिजागरीचा जोड. चांगला. पुढे खिडकी आहे, तीही चांगली." ती थांबली. "हा नाही. कठडा आहे, वळणावरचा. फटीच्या वरून गेलाय."

"खांब गोल की चौकोनी?"

"गोल."

"दवाखान्याचा जिना," काका म्हणाले. पलीकडे पेन कागदावर करकरत होतं, अडखळत, मोठ्या अक्षरांत. "म्हातारी माणसं धरून चढतात तो. आजच जातो. खाली कोण काय म्हणालंय?"

"ते कशाला, काका?"

"वाच."

खाली सतरा जण होते. तिने वाचायला सुरुवात केली. एकेकाचं नाव, एकेकाचं कौतुक. सातवं तिचं स्वतःचं होतं. फोटो मोठा न करताच टाकलेलं, एवढं तिला नक्की आठवत होतं. तिने तेही वाचलं, आवाज न बदलता, नावासकट.

दुकानामागच्या घरातून सासूने जेवायला हाक मारली. तिने आज तुम्ही बसा, आई, असं ओरडून सांगितलं.

"पुढचा घे," काका म्हणाले.